मेलेल्या बायकोचं पत्र

मित्रहो, शीर्षक वाचून घाबरू नका. मराठी विभागात दरवर्षी हॉस्टेलच्या भुताची एक तरी गोष्ट असतेच. तिसऱ्या मजल्यावरची बंद खोली, रात्री आपोआप सुरू होणारा नळ, वगैरे वगैरे. ही तसली गोष्ट नाही. हा लेख एका व्हिडिओ गेमबद्दल आहे, आणि तो गेम पुन्हा पुन्हा जिवंत करू पाहणाऱ्या कंपनीबद्दल. विषय ऐकल्यावर संपादकांनी विचारलं, "अरे, पण यात साहित्य कुठंय?" म्हटलं, आधी वाचा, मग ठरवा.

गेमचं नाव सायलेंट हिल. जून २०२५ मध्ये कोनामी या जपानी कंपनीने जाहीर केलं, की १९९९ सालचा पहिला सायलेंट हिल आता नव्याने बनणार. आमच्या विंगच्या ग्रुपवर त्या दिवशी दिवाळी झाली. नाचणारी चित्रं काय, ट्रेलरच्या लिंका काय! मी काहीच टाकलं नाही. तेव्हा रूममेटने विचारलं, "तू तर जुना भक्त ना रे? मग तुझं तोंड का पडलंय?" ग्रुपवर दोन ओळींत सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. ते इथे लिहितोय. (ज्यांना हे गेम अजून खेळायचे आहेत त्यांनी सरळ पुढचं पान काढावं. इथे सगळा शेवट फुटणार आहे. नंतर माझ्या खोलीवर भांडायला येऊ नये.)

सुरुवात धुक्यापासून करू, कारण इंजिनिअरला तेच आधी पटेल.

१९९९ चं प्लेस्टेशन म्हणजे काय यंत्र होतं? ३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २ एमबी मेमरी, चित्रांसाठी वेगळी १ एमबी. आज आपल्या जर्नलच्या एका पानाचा स्कॅन त्यापेक्षा मोठा असतो. त्याच यंत्रावर १९९६ मध्ये रेसिडेंट ईव्हिल आला होता. त्यांनी युक्ती केली होती. खोल्यांची चित्रं आधीच काढून ठेवली आणि त्यावर पात्रं चालवली. सायलेंट हिलच्या मंडळींना मात्र अख्खं गाव हवं होतं, रस्त्यांसकट, ज्यात खेळणारा हिंडेल आणि यंत्र त्या त्या क्षणी ते चित्र काढेल. आता २ एमबीत गाव बसवायचं कसं? दहा-पंधरा पावलांपलीकडचं काही काढायचंच नाही! मग तिथे काय दाखवायचं? धुकं. दिवसा धुकं, रात्री काळोख, सोबत एक टॉर्च.

बाकी कुठल्याही टीमने हे लपवलं असतं. यांनी त्याचाच गेम केला. नायकाच्या खिशात एक छोटा रेडिओ दिला. काहीतरी जवळ आलं की तो खरखरायला लागतो. म्हणजे ते कुठे आहे हे दिसत नाही, फक्त आहे एवढं कळतं. पावसाळ्यात पोलादपूरहून महाबळेश्वरला एसटीने गेला असाल तर आंबेनळी घाटात हा अनुभव फुकटात मिळतो. धुक्याची भीती वाटत नाही. धुक्यातून हॉर्न ऐकू येतो आणि गाडी दिसत नाही, तेव्हा पोटात खड्डा पडतो.

पहिला गेम केइचिरो तोयामा या माणसाने दिग्दर्शित केला. त्यानंतर तो सोनीकडे गेला. उरलेल्यांनी २००१ मध्ये प्लेस्टेशन २ साठी दुसरा भाग केला, आणि माझ्या मते (मते कसली, ठाम मत!) तिथे या मालिकेने जे गाठलं ते पुन्हा कुणाला जमलं नाही. प्लेस्टेशन २ ची ताकद बरीच जास्त होती. धुकं एवढं दाट ठेवायची सक्ती उरली नव्हती. तरी त्यांनी ते ठेवलं. आधी नाइलाज होता, आता निवड होती.

गोष्ट अशी. जेम्स सुंदरलँड नावाचा एक साधा कारकुनी चेहऱ्याचा माणूस. त्याला बायकोचं, मेरीचं पत्र येतं की 'आपल्या त्या खास जागी मी तुझी वाट बघतेय.' मेरी तीन वर्षांपूर्वी आजाराने वारलेली आहे. तरी हा माणूस गाडी काढतो आणि सायलेंट हिलला येतो. गावात चिटपाखरू नाही. तिथे त्याला मारिया भेटते. हुबेहूब मेरी. तोच चेहरा, तोच आवाज. फक्त कपडे जास्त भडक, केस रंगवलेले, बोलणं मोकळं. आजारी तर मुळीच नाही.

आणि शेवटी कळतं ते हे: मेरी आजाराने गेलेली नाही. आजारपणाला कंटाळून, तिच्यावरच्या प्रेमाने की स्वतःच्या सुटकेसाठी हे त्याचं त्यालाही नीट सांगता येत नाही, जेम्सने तिच्या तोंडावर उशी दाबली.

हा गेम माझ्याकडे आला आतेभावाकडून. घरात सगळे त्याला दादाच म्हणतात. तो २००३ ते २००७ इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होता. त्या काळी हॉस्टेलवर अभ्यासाच्या नोट्स आणि कॉपी केलेल्या सीड्या या दोनच गोष्टी पिढ्यानपिढ्या हस्तांतरित होत. नोकरीनिमित्त तो बंगलोरला गेला आणि त्याचा पेंटियम ४, पेटीएवढ्या मॉनिटरसकट, आमच्या कराडच्या घरी आला. मी तेव्हा तिसरी-चौथीत. एक्सपी त्यावर २०१८ पर्यंत टुकटुक चालत होतं.

तो कॉम्प्युटर ठेवायला जागा एकच होती, आजीच्या खोलीत.

आजी २०१५ च्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती उठली नाही. पुढची तीन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली होती, तिचा पंप रात्रभर घुर्र घुर्र करायचा. हाक मारायची ताकद गेली तेव्हा बाबांनी देवघरातली जुनी घंटा कॉटच्या दांड्याला बांधली. काही लागलं की आजी बोटाने ती हलवायची. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवावं लागे. हे काम आईचं. बाबा दिवसा दुकानात. आत्या महिन्यातून एकदा येणार, फळं आणणार, रडणार, जाणार. (आत्या हे वाचणार नाही याची खात्री आहे.)

मी नववीत होतो. रात्री अभ्यासाच्या नावाखाली त्या खोलीत बसायचो आणि आजीवर लक्षही ठेवायचो, असा घरात करार होता. हेडफोन एकाच कानाला लावायची परवानगी होती. दुसरा कान घंटेसाठी. त्यामुळे माझा सायलेंट हिल २ हा असा झाला: एका कानात रेडिओची खरखर, दुसऱ्या कानात गादीचा पंप, आणि मधेच टिण्ण. गेममध्ये रेडिओ वाजला की दचकायचं. खोलीत घंटा वाजली की गेम थांबवून आईला उठवायचं. काही रात्री कुठला आवाज कुठून आला हे कळायचं नाही.

शेवटाकडे जेम्स एका हॉटेलच्या खोलीत एक व्हिडिओ टेप लावतो, आणि त्या मुंग्या आलेल्या टेपमध्ये त्याने काय केलं ते त्याला दिसतं. मी तिथवर पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील. आई दोनच्या पाळीला उठली होती. ती माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. रागावली नाही. तिला इंग्रजी समजत नाही. पडद्यावर पलंग, पलंगावर बाई, शेजारी माणूस, एवढं तिने पाहिलं.

"काय केलं रे त्यानं?"

मी सांगितलं. बायको आजारी होती, बरी होणार नव्हती. त्याने उशी दाबली.

आई बराच वेळ त्या जेम्सच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहरा कसला, २००१ सालची थोडीशी चौकोनी आकृती. त्यावर धड दुःख दिसत नाही की धड राग. मग तिने विचारलं, "घरी कोण होतं त्याच्या?"

म्हटलं, कुणी नाही. तो एकटाच.

"हं," म्हणाली आणि आजीला वळवायला गेली.

आजी त्याच वर्षी दिवाळीनंतर गेली. माणसं भेटायला यायची आणि प्रत्येक जण तेच म्हणायचा, "सुटली बिचारी." आपल्याकडे हे म्हणायची पद्धतच आहे. आईसमोर बसून सगळे म्हणत, सुटली, सुटली. आई मान हलवायची. मी तेव्हा विचार करायचो, की हे लोक नक्की कुणाबद्दल बोलतायत? आणि हा प्रश्न मनात आल्याबद्दल मला लाज वाटली नाही, कारण मी तो आधी एका गेममध्ये पाहिला होता. असा प्रश्न असू शकतो, आणि तो विचारणारा माणूस राक्षस असेलच असं नाही, हे मला त्या चौकोनी जेम्सने सांगितलं होतं. आमच्या घरात ते कुणीच सांगणार नव्हतं.

तर मित्रहो, माझं तोंड का पडतं याचा हा पाया. आता कंपनीकडे वळू.

२००४ मध्ये चौथा भाग आला आणि नंतर मूळ टीम फुटली. कोनामीकडे नाव राहिलं, माणसं राहिली नाहीत. मग काम बाहेर द्यायला सुरुवात झाली. ओरिजिन्स, होमकमिंग, शॅटर्ड मेमरीज, डाउनपोर... २००७ ते २०१२ मध्ये इंग्लंड, अमेरिका, झेकिया अशा तीन देशांतल्या कंपन्यांनी हात मारून घेतला. शॅटर्ड मेमरीज मला आवडतो, तो निदान स्वतःचं काहीतरी बोलतो. बाकीचे मात्र गृहपाठ उतरवल्यासारखे. सगळ्यात वाईट वाटतं ते त्या त्रिकोणी डोक्याच्या राक्षसाचं. चित्रकार मासाहिरो इतो याने त्याला फक्त जेम्ससाठी बनवलं होतं. जेम्सला शिक्षा हवी होती, म्हणून तो आला. शिक्षा पुरी झाली, तो गेला. पण पोस्टरवर छान दिसतो ना! मग २००६ च्या चित्रपटात आणला, होमकमिंगमध्ये आणला, पुढे दुसऱ्याच एका गेममध्ये पाहुणा म्हणून पाठवला. जेम्स नाही तिथे तो नेमकी कुणाला शिक्षा करतो, हे कुणी विचारलं नाही.

२०१२ चा किस्सा आपल्या कॉम्प्युटरवाल्यांनी तर फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. दुसरा आणि तिसरा भाग नव्या यंत्रांसाठी चकचकीत करून द्यायचं ठरलं. काम घेतलेल्या कंपनीला कोनामीने कोड दिला. तो शेवटचा कोडच नव्हता! दुकानात विकला गेला त्याच्या आधीचा, अर्धवट, आधीच दुरुस्त झालेल्या चुकांसकटचा. शेवटचा कोड जपून ठेवलेला नव्हता. (फायनल इयर प्रोजेक्टच्या 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' अशा फोल्डरांना हसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) परिणाम काय, तर धुकं विरळ झालं आणि गावाच्या कडा दिसायला लागल्या. एके ठिकाणी तर पाटीवरचे अक्षर बालवाडीच्या तक्त्यावर असतं तसल्या कॉमिक सॅन्समध्ये. गावाकडे काळ्या पाषाणाच्या देवळाचा जीर्णोद्धार करतात, म्हणजे दगडाला ऑइल पेंट फासतात आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा बसवतात, त्यातलाच हा प्रकार. भक्ती असते हो. पण दगड काय होता हे कुणी पाहिलेलं नसतं.

आणि मग पी.टी.

ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ वर एक फुकटचा छोटा गेम आला. नाव फक्त पी.टी., बनवणारी कंपनी कुणी ऐकलेली नाही. एका घराचा काटकोनात वळणारा बोळ. बोळाच्या टोकाचं दार उघडलं की पुन्हा त्याच बोळाची सुरुवात. प्रत्येक फेरीला काहीतरी थोडं बदललेलं. आपल्याकडे याला चकवा म्हणतात. रानात माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच झाडाखाली येतो. पी.टी. म्हणजे घरातला चकवा. कोडं सुटल्यावर कळलं, की ही नव्या सायलेंट हिलची झलक होती. हिदेओ कोजिमा आणि चित्रपट दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो मिळून तो करणार होते. आठ महिन्यांत, एप्रिल २०१५ मध्ये, तो रद्द झाला. एवढंच नाही, ती झलकही दुकानातून काढून टाकली. ज्यांनी आधी उतरवून घेतली होती त्यांनी एकदा पुसली की परत मिळेना. लोक पी.टी. असलेली जुनी यंत्रं चढ्या भावाने विकू लागले. त्याच वर्षी कोनामीने सायलेंट हिलच्या नावाचं जपानी जुगाराचं मशीन काढलं. मेरी, मारिया, जेम्स सगळे त्या मशीनवर. नाणी टाका, फिरवा.

म्हणून म्हणतो, आठवणीची राखण करायला दिलेला माणूस हा आहे. तो उद्या काय करेल याबद्दल मला शंका असणारच.

ऑक्टोबर २०२२ मध्ये कोनामीने एका दमात पाच-सहा गोष्टी जाहीर केल्या. त्यातली असेन्शन ही मालिका २०२३ च्या हॅलोविनला आली. प्रेक्षकांनी मतदान करून पात्रांचं काय करायचं ते ठरवायचं, आणि वर ॲपमध्ये पैसे मोजायचीही सोय! तिच्याबद्दल अधिक लिहून अंकाची पानं फुकट घालवत नाही. आणि ८ ऑक्टोबर २०२४ ला सायलेंट हिल २ चा रिमेक आला. ब्लूबर टीम नावाच्या पोलिश कंपनीने केलेला.

त्या आठवड्यात आमच्या टीईच्या सबमिशनची बोंब होती. तरी शेजारच्या मेकॅनिकलवाल्याच्या लॅपटॉपवर ५० जीबीच्या आसपासचं ते धूड उतरलं (हॉस्टेलच्या वायफायवर कसं, हे रेक्टर सरांनी विचारू नये). रात्री जेवणानंतर सात-आठ जण एका खोलीत, दिवे बंद, कुणाच्या तरी आईने पाठवलेला चिवडा मध्ये. लॅपटॉपचा पंखा असा घोंघावत होता की मला आजीच्या गादीचा पंप आठवला.

खरं सांगायचं तर रिमेक चांगला आहे. हे मी कुरकुरत लिहित नाहीये. मूळचा संगीतकार अकिरा यामाओका आणि इतो, दोघांना त्यांनी बरोबर घेतलं होतं. कोड्यांची मांडणी नीट केलीय, धुकं तर असं आहे की हात घालून बाजूला करावंसं वाटतं. पहिल्या काही दिवसांत दहा लाखांवर प्रती गेल्या, जानेवारी २०२५ पर्यंत वीस लाख. ब्लूबरने जीव ओतून काम केलंय यात वादच नाही.

आणि तरी त्या टेपच्या प्रसंगाला मला चिवडा गिळवेना. जेम्सच्या चेहऱ्यावर आता सगळं आहे. भुवया थरथरतात, डोळ्यांत पाणी तरारतं, घसा दाटतो. मागून कुणीतरी म्हणालं, "काय ग्राफिक्स आहे यार, डोळे बघ त्याचे!" त्याचं चुकलं नाही. बघण्यासारखेच होते. पण मला वाटत राहिलं की या जेम्सला आईने तो प्रश्न विचारला नसता. त्याची गरजच नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर उत्तर लिहिलेलं होतं.

मूळ गेममध्ये जेम्सचा आवाज गाय सीही या अमेरिकन माणसाचा आहे (नावाला हसू नका). तो टोकियोत राहायचा, पेशाने नट नव्हे, मुलीला ऑडिशनला घेऊन गेला आणि स्वतःच निवडला गेला. त्याचं बोलणं सपाट आहे, जागोजागी चुकीच्या ठिकाणी थांबणारं. वर्षानुवर्षं लोकांनी त्याची टिंगल केली. पण जागरणं करकरून थकलेला माणूस असाच बोलतो. मी ऐकलंय. आत्याच्या फोनवर आई अशीच बोलायची. "हो. जेवल्या. नाही. बरं आहे." त्यात एक अश्रू नसायचा. धुकं फक्त रस्त्यावर नव्हतं, ते त्या माणसांच्या चेहऱ्यांवर आणि आवाजातही होतं. काही यंत्र कमी पडल्यामुळे, काही पैसे कमी पडल्यामुळे, आणि काही मुद्दाम. त्यातलं मुद्दाम असलेलं तेवढं परत करता येतं. कमी पडलेलं कसं परत करणार? आता काहीच कमी पडत नाही.

रूममेटशी यावर मध्यरात्रीपर्यंत वाद झाला. तो म्हणाला, "तू गेमला जपत नाहीयेस. तू तुझ्या त्या खोलीला जपतोयस. ज्याने जुना खेळलाच नाही त्याला हाच पहिला आहे, त्याचं काय?" मुद्दा जोरदार आहे, आणि मी तो टाळत नाही. आमच्यातल्या एका ज्युनियरने तो प्रसंग झाल्यावर दहा मिनिटं कुणाशी बोललं नव्हतं, हे मीही पाहिलं. त्याला माझ्या पेंटियमची गरज नव्हती. पण मी रूममेटला उलट विचारलं, की कोनामी नवीन गोष्ट का सांगत नाही? हेच लोक, हीच मेहनत, हेच पैसे. सांगितली एकदा. सप्टेंबर २०२५ मध्ये सायलेंट हिल एफ आला, १९६० च्या दशकातल्या जपानी खेड्यात घडणारा. नवी नायिका, नवा लेखक. त्याबद्दल मला काही तक्रार नाही. मारामारी फार आहे, पण निदान ते कुणाचं मढं उकरत नाहीत. मग लगेच पुन्हा मागे वळून पहिल्याच गेमचा रिमेक कशाला? कारण त्यांना ठाऊक आहे की आपल्यापैकी प्रत्येकाची एकेक खोली आहे. त्या खोलीचं भाडं वसूल करायचंय. मी तिला जपतो तो वेडेपणा, आणि ते तिच्यावर धंदा करतात ते पुनरुज्जीवन?

यावर तो म्हणाला, "झोप आता. उद्या ओरल आहे."

पण गंमत बघा. रिमेकबद्दल काय म्हणायचं ते या गेमने २००१ मध्येच म्हणून ठेवलंय. एक माणूस मेलेल्या माणसाच्या पत्रावर विश्वास ठेवून येतो आणि त्याला मारिया मिळते. तोच चेहरा, रंग जास्त, आजार नाही. गेमला अनेक शेवट आहेत आणि कुठला मिळणार हे तुम्ही कसे खेळलात त्यावर गेम गुपचूप मोजत असतो. तुम्ही मेरीचा फोटो किती वेळा काढून पाहिलात, जखमी असताना किती वेळ तसेच हिंडलात, मारियाची किती काळजी घेतलीत. (एक शेवट असाही आहे की हे सगळं एक कुत्रा खुर्चीत बसून चालवत होता. तो खास पीएलमध्ये बघावा.) एका शेवटात जेम्स जुन्या मंत्रतंत्राच्या वस्तू गोळा करून मेरीला जिवंत करायला नावेतून तळ्यापलीकडे निघतो. पुढे काय झालं ते दाखवत नाहीत. आणि एका शेवटात तो मारियाला घेऊन गावाबाहेर पडतो. सगळं छान, नवी सुरुवात. गाडीपाशी येतात आणि मारिया खोकते.

पहिल्या गेमच्या रिमेकबद्दल माझी धास्ती जास्त आहे ती याच कारणाने. दुसऱ्यात धुकं निदान निवडलेलं होतं. पहिल्यात ते २ एमबीचं धुकं होतं. ते हटवून मागे उभं करायला तिथे गाव कधी नव्हतंच. आता कुणीतरी ते गाव नव्याने बांधणार, प्रत्येक दुकानाच्या काचेमागे माल भरणार, आणि मग त्यावर धुकं सोडणार. हॅरी मेसन त्यातून मुलीला शोधत फिरेल. सुंदर असेल ते. मी बघणारही आहे, मेकॅनिकलवाल्याचा लॅपटॉप तोवर टिकला तर. पैसे मात्र मी देणार नाही.

माझा विश्वास आहे तो वेगळ्याच लोकांवर. जुन्या दुसऱ्या भागाची पीसीवरची आवृत्ती आजच्या मशीनवर नीट चालत नाही. धुकं बिघडतं, आवाज तुटतो. काही चाहत्यांनी एकत्र येऊन तिची डागडुजी केलीय. त्याला एनहान्स्ड एडिशन म्हणतात. फुकट आहे. त्यांनी नवा चेहरा लावला नाही, नवा आवाज भरला नाही. ज्या ज्या ठिकाणी ते यंत्रबदलामुळे मोडलं होतं तेवढंच बसवलं. वाड्याची कौलं शाकारतात तसं. एकेका बगसाठी ही माणसं महिनोन् महिने घालवतात आणि बदल्यात काही मागत नाहीत. आपल्या प्रोजेक्टला असा विषय का मिळत नाही कोण जाणे.

दादाचा पेंटियम आईने आजीच्या कॉटबरोबरच भंगारात दिला. घंटा पुन्हा देवघरात गेली. सीडी मात्र माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाहेरून ड्राइव्ह जोडून ती लॅपटॉपवर चढवली, वर ती डागडुजी बसवली. आजीच्या खोलीत आता बाबांच्या दुकानाची खोकी असतात. तिथेच एका खोक्यावर लॅपटॉप ठेवून बसलो होतो. आई करंज्यांचं ताट घेऊन आत आली, पडद्याकडे पाहिलं आणि थांबली.

"तोच का रे हा? बायकोला शोधणारा?"

म्हटलं, तोच.

"अजून शोधतोय?"

म्हटलं, आत्ताशी गावात शिरलाय.

तिने खोकं सरकवून ताट ठेवायला जागा केली आणि बसली.